खडूचें स्मारक

एखादी गोष्ट कधींहि न पुसणारी आहे असें सांगावयाचें असलें म्हणजे आपण तिला काळ्या दगडावरची रेघ म्हणतों. आणि जी लिहितां लिहितांच नाहींशी होते तिला पाण्यावरची रेघ म्हणतों. या दोन रेघांच्या मध्यें एक तिसरी रेघ आहे, ती खडूची. ती लिहिली जाते, वाचली जाते, कांहीं काळ टिकते, आणि ती पुसली जाणार हें लिहिणारास प्रथमपासूनच ठाऊक असतें. आपल्या पंतोजींच्या शाळांत अक्षरओळख होई ती याच जातीच्या रेघेनें. धूळपाटीवर काढलेलें अक्षर हात फिरवतांच जाई. राहील तें मुलाच्या मनांत राहील, असा त्या शिक्षणाचा हिशेब होता. शाळेपुरतें हें ठीक. परंतु दिवंगत लोकनायकाचें स्मारक या रेघेनें उभारावें असें कोणी सुचविलें, तर आपण त्यास वेड्यांत काढूं. स्मारक म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें दगड येतो, ब्राँझ येतें, चौथरा येतो, वर्गणीची यादी येते आणि अनावरणाचा समारंभ येतो.

तथापि २०११ सालच्या ऑगस्ट महिन्यांत कॅनडांतील टोरोंटो शहरीं असें एक स्मारक उभें राहिलें. त्यासाठीं समिति नेमली गेली नव्हती, कोणा शिल्पकारास बोलावणें गेलें नव्हतें, आणि त्याचें अनावरणहि कोणी केलें नाहीं. जॅक लेटन हे तेथील लोकप्रिय पुढारी त्या महिन्याच्या २२ तारखेस वारले. त्याच संध्याकाळीं लोक नगरभवनापुढील चौकांत जमले. कोणाच्या तरी हातीं खडू होता. आणि पुढें कांहीं दिवस त्या चौकांतील कॉंक्रीटच्या भिंती व पायांखालची फरशी रंगीबेरंगी अक्षरांनीं भरत राहिली.

या स्मारकाचा इतिहास लिहूं पाहणारापुढें एक चमत्कारिक अडचण उभी राहते. पुतळ्याचा इतिहास लिहावयाचा तर पुतळा जाग्यावर असतो, शिलालेखाचा लिहावयाचा तर निदान त्याचा तुकडा तरी हातीं लागतो. येथें मूळ वस्तु शिल्लक नाहीं. जें आहे तें तिचीं छायाचित्रें. त्या छायाचित्रांवर कितपत विसंबावें, आणि जें पुसलें जाणार हें जाणूनच लिहिलें गेलें तें टिपून ठेवण्यांत त्याचा मान राहतो कीं त्याचा भंग होतो, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

लेटन यांचा जन्म १८ जुलै १९५० रोजीं माँट्रियल येथें झाला. घराणें राजकारणांतलें. आजोबा गिल्बर्ट लेटन क्वेबेक प्रांताच्या मंत्रिमंडळांत होते. वडील रॉबर्ट लेटन कॅनडाच्या मध्यवर्ती सरकारांत पुराणमतवादी पक्षाचे मंत्री झाले. मुलानें मात्र डावीकडची वाट धरली. टोरोंटोस येऊन त्यांनीं राज्यशास्त्राचा अभ्यास केला, कांहीं काळ अध्यापन केलें, आणि १९८२ सालीं ते तेथील नगरपालिकेवर निवडून आले. पुढील वीस वर्षांतील त्यांचें कार्य बव्हंशीं शहराचें कार्य होतें: ज्यांस घर नाहीं त्यांस निवारा, सायकलनें जाणारांस रस्त्यावर जागा, एड्सच्या रोग्यांस माणुसकीची वागणूक. बेघरांच्या प्रश्नावर त्यांनीं लिहिलेला ग्रंथ २००० सालीं प्रसिद्ध झाला. १९८९ च्या डिसेंबरांत माँट्रियल येथील अभियांत्रिकी विद्यालयांत १४ स्त्रियांची हत्या झाली. त्यानंतर १९९१ सालीं, स्त्रियांवरील अत्याचाराविरुद्ध पुरुषांनींच उभें राहावें या हेतूनें निघालेल्या पांढऱ्या फितीच्या चळवळीच्या संस्थापकांत ते होते.

त्यांच्या चरित्रांतील एक लहानशी हकीकत येथें विशेष ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. १९८४ सालीं टोरोंटोच्या मध्यवस्तींतील ईटन सेंटर या विस्तीर्ण बाजारभवनांत, कामगारसंघ उभारूं पाहणाऱ्या तेथील नोकरांच्या बाजूनें लेटन पत्रकें वाटीत होते. जागा खासगी मालकीची, म्हणून त्यांच्यावर अतिक्रमणाचा आरोप ठेवण्यांत आला. पुढें भाषणस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर तो आरोप रद्द झाला. लोक जेथें येतात जातात तेथें लोकांस कांहीं सांगण्याचा अधिकार आहे कीं नाहीं, हा त्या खटल्यांतला प्रश्न होता. हें बाजारभवन ज्या चौकांत पुढें खडूचीं अक्षरें उमटलीं त्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

यश त्यांस लवकर मिळालें असें नाहीं. १९९१ सालीं ते महापौरपदासाठीं उभे राहिले व पडले. पार्लमेंटसाठीं १९९३ मध्यें पडले आणि १९९७ मध्यें पुन्हां पडले. २००३ च्या जानेवारींत न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचें पुढारीपण त्यांच्याकडे आलें, तें त्या पक्षास मागील निवडणुकींत अवघ्या १३ जागा मिळाल्या असतां. २००४ सालीं १९, २००६ सालीं २९, २००८ सालीं ३७ अशी चढण त्यांनीं पायरी पायरीनें चढविली. २०१० च्या फेब्रुवारींत त्यांनीं आपणांस कर्करोग झाल्याचें जाहीर केलें. २०११ च्या आरंभीं कमरेच्या हाडावर शस्त्रक्रिया झाली. आणि ते हातीं काठी घेऊन निवडणुकीच्या दौऱ्यावर निघाले. सभांतून ती काठी ते निशाणासारखी वर उंचावीत. २ मे २०११ रोजीं निकाल लागला तेव्हां त्यांच्या पक्षास १०३ जागा मिळाल्या होत्या, पैकीं ५९ एकट्या क्वेबेकांत. इतिहासांत प्रथमच हा पक्ष मुख्य विरोधी पक्ष झाला. पुढें तीन महिने झाले नाहींत तोंच, २५ जुलै रोजीं, त्यांनीं दुसऱ्या कर्करोगासाठीं रजा घेत असल्याचें सांगितलें. तो कृश चेहरा व तो खोल गेलेला आवाज पाहून ऐकून देश चरकला. २२ ऑगस्टच्या पहाटे टोरोंटो येथें राहत्या घरीं त्यांचें देहावसान झालें. वय ६१ होतें.

मृत्यूच्या दोन दिवस आधींची तारीख असलेलें एक पत्र त्यांनीं देशबांधवांस उद्देशून मागें ठेविलें होतें. तें त्याच दिवशीं प्रसिद्ध झालें. त्याच्या शेवटीं प्रेम हें क्रोधाहून, आशा ही भीतीहून आणि उमेद ही निराशेहून बरी, अशा अर्थाचीं थोडीं वाक्यें होतीं. संध्याकाळपर्यंत तीं सर्वांच्या तोंडीं झालीं, आणि तींच पुढें चौकांतल्या भिंतींवर शेंकडों हातांनीं लिहिलीं गेलीं. पत्र लिहिणारास उत्तर पाठवावें, पण पत्ता उरलेला नाहीं, म्हणून तें भिंतीवर लिहावें, असा तो प्रकार होता.

आतां त्या जागेविषयीं. टोरोंटोचें नगरभवन फिनलंडचे वास्तुविशारद व्हिल्यो रेव्हेल यांनीं योजिलेलें. एकमेकांकडे वळलेल्या दोन अर्धवर्तुळाकार उंच इमारती, आणि त्यांच्या ओंजळींत बशीच्या आकाराचें सभागृह, अशी त्याची रचना आहे. तें १९६५ सालीं खुलें झालें. रेव्हेल त्यापूर्वींच, १९६४ सालीं, वारले होते. पुढील चौकास नेथन फिलिप्स या महापौरांचें नांव आहे. कॉंक्रीट, कॉंक्रीट आणि पुन्हां कॉंक्रीट, अशी त्या चौकाची पुष्कळ वर्षें टीका होत आली. शोभेच्या दृष्टीनें ती रास्त असेल; परंतु त्या आठवड्यांत त्या करड्या, कोऱ्या, खरबरीत भिंती एका अवाढव्य पाटीसारख्या उपयोगी पडल्या. संगमरवर असता तर खडू घसरला असता. शिवाय लेटन यांचें वर्षानुवर्षांचें कार्यक्षेत्र हेंच नगरभवन होतें. त्यांच्या पत्नी ओलिव्हिया चाउ याहि याच नगरपालिकेच्या सभासद होत्या. लोक स्मशानांत न जातां आपल्या माणसाच्या कचेरीच्या दारांत आले होते.

एक विरोधाभासहि येथें नमूद केला पाहिजे. त्या वर्षीं टोरोंटोचे महापौर रॉब फोर्ड होते. राजकारणांत ते लेटन यांच्या अगदीं दुसऱ्या टोंकाचे, आणि भिंतींवरील रेघोट्या व चित्रें पुसून शहर स्वच्छ करण्याची जोराची मोहीम त्यांनीं त्याच वर्षीं चालविली होती. पण नगरभवनाच्या स्वतःच्या भिंती लिहून निघाल्या असतां त्या सुतकाच्या आठवड्यांत कोणी झाडू व पाणी घेऊन आलें नाहीं. सत्तेनें शोकापुढें क्षणभर बाजूस होण्याची जी एक सभ्यता आहे ती येथें पाळली गेली. पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनींहि आपल्या प्रतिस्पर्ध्यास राजकीय इतमामानें निरोप देण्याचें ठरविलें. विरोधी पक्षाच्या पुढाऱ्यास असा मान देण्याचा प्रघात त्या देशांत नाहीं. पार्थिव प्रथम ओटावा येथें पार्लमेंटांत, मग टोरोंटोच्या नगरभवनांत दर्शनासाठीं ठेवण्यांत आलें, आणि २७ ऑगस्ट रोजीं रॉय टॉमसन सभागृहांत अंत्यविधि झाला. अशा रीतीनें एकाच माणसाचीं दोन सुतकें एकाच वेळीं चाललीं होतीं: आंत राष्ट्राचें, शिस्तीचें, ध्वज व पहारेकरी असलेलें, बाहेर खडूचें. आंत जाण्यासाठीं रांगेंत उभे राहिलेले लोक बाहेरचें वाचीत वाचीत पुढें सरकत होते.

आणि मग पाऊस आला. त्याच आठवड्यांत आलेल्या सरीनें अक्षरें विरघळून रंगाचे ओघळ झाले. सकाळीं लोक पुन्हां आले आणि पुन्हां लिहूं लागले. आमच्या मतें या स्मारकाचा सर्वांत महत्त्वाचा क्षण तो हाच. पहिलें लेखन भावनेच्या भरांत झालें असें म्हणतां येईल. दुसरें लेखन पुसलें जाण्याचा अनुभव घेऊन झालें.

येथें छायाचित्रांचा प्रश्न येतो. २०११ सालापर्यंत खिशांतल्या दूरध्वनींत कॅमेरा येऊन बसला होता, त्यामुळें चौकांत लिहिणारा आणि टिपणारा यांत फारसा भेद राहिला नव्हता. एका हातीं खडू व दुसऱ्या हातीं कॅमेरा. छायाचित्रें अमाप निघालीं. इतिहासकारास वाटेल, आतां चिंता मिटली. परंतु वस्तुस्थिति तशी नाहीं.

पहिली अडचण अंतराची. दूर उभें राहून भिंत टिपली तर रंगांचा जमाव दिसतो, लोकांची दाटी दिसते, स्मारक केवढें मोठें होतें तें समजतें. पण शब्द वाचतां येत नाहींत. जवळ जाऊन एक ओळ टिपली तर ती वाचतां येते. पण ती कोठें होती, तिच्या शेजारीं काय होतें, ती लहान मुलाच्या उंचीवर होती कीं कोणाच्या तरी खांद्यावर चढून लिहिलेली होती, तें जातें. दूरचें चित्र संख्येची साक्ष देतें, जवळचें चित्र मनाची. एकच चित्र दोन्ही साक्षी देऊं शकत नाहीं. ज्यास खरी नोंद ठेवावयाची आहे त्यानें भिंतीच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत, प्रत्येक चित्राचा कांठ पुढच्यावर चढेल अशा बेतानें, समोर सरळ उभें राहून क्रमानें चालत गेलें पाहिजे आणि वेळ नोंदली पाहिजे. शोकांत असलेला मनुष्य असें करीत नाहीं. त्यास जी ओळ भिडते ती तो टिपतो. म्हणून अशा छायाचित्रांच्या राशींत हृदयस्पर्शी ओळी पुन्हां पुन्हां सांपडावयाच्या, आणि हजारों साधीं आभाराचीं वाक्यें, नुसतीं नांवें, नुसत्या तारखा गळावयाच्या. वस्तुतः स्मारक बनलें होतें तें या साध्या वाक्यांचेंच.

दुसरी अडचण प्रकाशाची. फिकट कॉंक्रीटवर पांढरा खडू दुपारच्या उन्हांत जवळजवळ अदृश्य होतो. रंगीत खडू तेवढा उठून दिसतो. संध्याकाळीं मेणबत्त्यांच्या व दिव्यांच्या उजेडांत सर्वच अक्षरांवर नारिंगी झांक चढते. आतां नारिंगी हा लेटन यांच्या पक्षाचा रंग. तेव्हां संध्याकाळच्या चित्रांत दिसणारा नारिंगी रंग लिहिणाराच्या निष्ठेचा कीं मेणबत्तीचा, हें पुष्कळदां सांगतां येणार नाहीं. ओलाव्याची गंमत याहून निराळी. खडूची भुकटी भिजली कीं पारदर्शक होते व अक्षर नाहींसें झाल्यासारखें दिसतें. पाणी वाहून गेलें नसेल तर वाळल्यावर तेंच अक्षर पुन्हां उमटतें. म्हणजे पावसानंतर लगेच घेतलेलें कोऱ्या भिंतीचें चित्रहि सर्वस्वीं खरें मानतां येत नाहीं.

तिसरी अडचण थरांची. खडूस शाई किंवा रंग यांच्याप्रमाणें भिंतीशीं बांधून टाकणारें कांहीं नसतें. पूर्वींचा खडू सूक्ष्म सागरी जीवांच्या कवचांच्या थरांतून येई. रस्त्यावर लिहिण्याचे आजचे जाड रंगीत कांडे बहुधा जिप्समचे असतात. दोन्ही नुसते खरबरीत पृष्ठभागाच्या खांचांत अडकून राहतात. त्यामुळें एका लेखावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा असें चढत जातें, पावलांनीं पुसतें, पावसानें धुतें, पुन्हां लिहिलें जातें. सोमवारची भिंत आणि शनिवारची भिंत ही एकच भिंत नव्हे. वेळ न नोंदलेलें चित्र पाहून ही पहिली लिहावळ कीं पावसानंतरची, हें ठरविणें कठीण जातें. आणि आम्ही वर म्हटल्याप्रमाणें सर्व अर्थ तर या फरकांतच आहे.

पुसट होणाऱ्या लेखनास टिपून वांचविण्याचा हा प्रश्न नवा नाहीं. इसवी सन ७९ मध्यें राखेखालीं गेलेल्या पाँपी नगराच्या भिंतींवर उमेदवारांस मतें द्या असें सांगणारे रंगविलेले लेख मोठ्या संख्येनें सांपडले. उघडे पडल्यावर ऊन व पाऊस यांनीं त्यांतील पुष्कळ नष्ट झाले. आज ते आपणांस ठाऊक आहेत ते विद्वानांनीं वेळींच उतरून घेतलेल्या नकलांवरून. ज्यांचीं नांवें एरवीं कोणत्याहि इतिहासांत आलीं नसतीं असे भटारी, धोबी आणि शेजारीपाजारी त्या लेखांत बोलतात. विसाव्या शतकांत हेलन लेव्हिट यांनीं न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतून हिंडून मुलांनीं रस्त्यावर काढलेलीं खडूचीं चित्रें व लेख टिपले; १९३८ ते १९४८ या दशकांतील तें काम ग्रंथरूपानें बाहेर आलें तें १९८७ सालीं. मुलें मोठीं झालीं, रस्ते बदलले; खेळ मात्र राहिला तो त्या चित्रांत.

याच्या उलट उदाहरणहि आहे. ऑस्ट्रेलियांत सिडनी शहरीं आर्थर स्टेस नांवाचा एक अल्पशिक्षित, दारूच्या व्यसनांतून सुटलेला मनुष्य १९३२ पासून सुमारें ३५ वर्षें पहाटे उठून फरशीवर पिवळ्या खडूनें ‘अनंतकाळ’ या अर्थाचा एकच शब्द सुबक वळणानें लिहीत फिरे. रोज पुसला जाणारा हा शब्द १९६७ सालीं त्याच्या मृत्यूनंतर नाहींसा व्हावयाचा. पण २००० सालाच्या आरंभाच्या रात्रीं सिडनीच्या विख्यात पुलावर तोच शब्द त्याच वळणाच्या दीपाक्षरांत झळकला. येथें एखाद्या चित्रापेक्षां शहराच्या स्मरणानेंच तो शब्द अधिक जपला, आणि त्याचें कारण तो सारखा पुन्हां पुन्हां लिहिला गेला हें होय.

न्यूयॉर्कमधील दुसरी एक प्रथा आमच्या विषयास याहून जवळची आहे. २५ मार्च १९११ रोजीं ट्रँगल नांवाच्या शिवणकामाच्या कारखान्यास आग लागून १४६ कामगार मेले. त्यांत तरुण मुलींचा भरणा मोठा होता. २००४ पासून रूथ सर्जेल या कलावतीच्या प्रेरणेनें स्वयंसेवक दरवर्षीं त्या दिवशीं मृतांच्या जुन्या घरांपुढें जातात आणि दारांतल्या फरशीवर खडूनें नांव व वय लिहितात. पाऊस तें नेतो. पुढच्या वर्षीं पुन्हां कोणी तरी तेथें वांकून लिहितो. दगडांत एकदां कोरलेलें नांव पुढें कोणी वाचीलच असें नाहीं. वर्षाला एकदां लिहावें लागणारें नांव निदान लिहिणारास तरी वाचावेंच लागतें.

या तुलनेनें टोरोंटोच्या स्मारकाचा स्वभाव उघड होतो. १९९५ सालीं इस्राएलचे पंतप्रधान यित्झाक राबिन यांची हत्या झाली तेव्हां तेल अवीवच्या नगरभवनाच्या भिंतींवर तरुणांनीं लिहिलें, तें रंगानें. त्यांतील कांहीं भाग पुढें जपून ठेवण्यांत आला. तेथें एक गुन्हा घडला होता व तो विसरला जाऊं नये हा हेतु होता. टोरोंटोस गुन्हा नव्हता. विसरूं नका असा कोणास इशारा द्यावयाचा नव्हता. लोकांस गेलेल्या माणसाशीं बोलावयाचें होतें. म्हणूनच ते त्यांस नुसतें ‘जॅक’ म्हणत होते. आपल्याकडे थोर पुरुषास ‘राव’ किंवा ‘साहेब’ लाविल्याशिवाय जीभ वळत नाहीं; पण जो घरचा झाला त्यास आपणहि अण्णा, तात्या, बापू असेंच म्हणतों. त्या एकेरी नांवांत तीच जवळीक होती.

या सगळ्यावर एक आक्षेप आहे व तो टाळणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. मृत्यूच्या दिवशींच एका दैनिकांतील नामांकित लेखिकेनें, हा शोक अतिरेकी असून तो एक सार्वजनिक देखावा झाला आहे, असें लिहिलें. त्याबद्दल तिच्यावर मोठा रोष झाला. पण इतिहासाच्या दृष्टीनें तिच्या शंकेंत तथ्य नाहींच असें म्हणवत नाहीं. शोकाच्या भिंतीवर लिहावयास येतो तो शोक करणाराच; ज्यास लेटन यांचें राजकारण पटत नव्हतें तो घरीं राहिला. चित्रांवरून देशाचें मत ठरवावयास गेलें तर आपली फसगत होईल. त्याच वर्षींच्या निवडणुकींत त्यांच्या पक्षास सुमारें ३१ टक्के मतें मिळालीं होतीं. १६६ जागा मिळवून बहुमतानें सरकार बनविलें तें हार्पर यांच्या पक्षानें. पुढील वर्षांचा हिशेबहि कठोर आहे. २०१५ सालीं पक्षाच्या जागा १०३ वरून ४४ वर आल्या, आणि लेटन ज्या टोरोंटो-डॅनफर्थ मतदारसंघाचे प्रतिनिधि होते तोहि हातचा गेला. २०२५ सालीं तर संबंध देशांत केवळ ७ जागा उरल्या. खडूचीं अक्षरें एका आठवड्यांत गेलीं; काठी टेकीत मिळविलेला विजय जावयास चौदा वर्षें लागलीं, एवढाच फरक.

मग त्या भिंतीवर लिहिलें गेलें तें खोटें होतें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. मतपेटींत टाकलेला कागद हा एका दिवसाचा निर्णय असतो. त्यावरून माणसाविषयींचें प्रेम मोजतां येत नाहीं, आणि प्रेमावरून पुढच्या निवडणुकीचें भविष्यहि सांगतां येत नाहीं. भिंतीनें कशाची साक्ष दिली? ज्यांची एकमेकांशीं ओळख नव्हती, ज्यांचे देश निराळे व भाषा निराळ्या, असे लोक एका संध्याकाळीं एकाच पाटीवर लिहूं शकले. आपल्या ओळीसाठीं दुसऱ्याची ओळ न पुसतां थोडी कोरी जागा शोधीत राहिले. आणि पुसलें गेल्यावर तक्रार न करितां पुन्हां आले. एवढी साक्ष छायाचित्रें निःसंशय देतात. तीहून अधिक मागणें हा मागणाराचा दोष.

दुसरा प्रश्न राहिला तो मानाचा. जें नश्वर असावयाचें तें टिपून ठेवणें ही त्याच्याशीं प्रतारणा नव्हे काय? अंगणांतली रांगोळी दुसऱ्या सकाळीं पायांखालीं जाते म्हणून ती रोज नवी निघते; तिला कांचेखालीं ठेवली तर अंगण सुनें पडेल. छायाचित्र मूळ वस्तूची जागा घेऊं लागलें, ‘आतां चित्र आहे, पुन्हां लिहिण्याचें कारण काय?’ असें वाटूं लागलें, कीं प्रतारणा घडली. टोरोंटोस तसें घडलें नाहीं. चित्रें हातीं असतांहि लोक पावसानंतर पुन्हां लिहूं लागले; आणि २०१२ सालीं वर्षश्राद्धाच्या दिवशीं त्याच चौकांत जमून त्यांनीं पुन्हां खडू हातीं घेतला. चित्रांनीं खडूचें काम बंद पाडलें नाहीं, त्यांनीं फक्त ज्यांस तेथें जातां आलें नाहीं त्यांस, आणि पुढें जन्मणारांस, काय घडलें तें सांगितलें. नक्कल आपल्या पायरीनें राहिली तर ती सेवा आहे.

रीतसर स्मारकेंहि यथाकाल झालीं. २०१३ च्या ऑगस्टांत, टोरोंटोच्या बेटांकडे जेथून होड्या सुटतात त्या धक्क्यास लेटन यांचें नांव देण्यांत आलें व तेथें त्यांचा ब्राँझचा पुतळा बसविण्यांत आला. त्यांत ते दोघांनीं चालवावयाच्या सायकलीवर बसलेले असून दुसरें आसन रिकामें आहे. कोणींहि त्यावर बसावें. शिल्पकारानें जाणून केलें असो वा नसो, भिंतीवरची ती कोरी जागाच जणूं ब्राँझमध्यें उतरली आहे. चाउ यांनीं २०१४ सालीं महापौरपदासाठीं निवडणूक लढविली, त्यांत त्या पडल्या. २०२३ सालीं पुन्हां उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. पतीस १९९१ सालीं न मिळालेलें तें पद घेऊन त्या ज्या इमारतींत गेल्या तिच्याच पुढचा तो चौक.

आज तेथें जाणारास त्या भिंती करड्याच दिसतील. खडूचा कणहि सांपडावयाचा नाहीं. पण ज्यानें त्या आठवड्यांतलें एखादें साधें, वांकडें टिपलेलें छायाचित्र पाहिलें आहे, ज्यांत एक मूल गुडघे टेकून लिहीत आहे आणि मागें कोणी त्याच्यासाठीं जागा सोडून उभें आहे, त्यास ती भिंत कोरी दिसणार नाहीं. धूळपाटी पुसली म्हणून अक्षर गेलें असें आपले पंतोजी कधीं मानीत नसत. पाटी पुसावयाची ती पुढचें अक्षर लिहितां यावें म्हणून.